हिवाळ्यातला रविवार आणि शुक्राचा अर्थ

सुखाविषयी आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. मुस्लिम मराठी लेखनाने दारिद्र्य, शिक्षण, तलाक, दंगली, अस्मिता असे प्रश्न हाताळले आणि ते हाताळणे गरजेचेच होते. पण दुःखाची नोंद ठेवता ठेवता साध्या आनंदाची नोंद राहून गेली. आनंद हा जणू पोट भरलेल्यांचा विषय आहे, गंभीर माणसाने त्यात पडू नये, असा एक संकेतच तयार झाला. आमच्या मते आनंद हाही एक नैतिक प्रश्न आहे. माणूस कशाने आनंदित होतो, कोणाच्या जिवावर होतो आणि आनंदित झाल्यावर काय करतो, यावरून त्याचा दीन आणि त्याची माणुसकी दोन्ही कळतात. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपण एक अगदी लहान निमित्त घेऊ. ते म्हणजे हिवाळ्यातला रविवार.

आपल्या मोहल्ल्यांतला पौष-माघातला रविवार डोळ्यांसमोर आणून पाहू. फजरची नमाज आटोपून माणसे घरी येतात आणि त्या दिवशी कोणालाही घाई नसते. रात्रभर मंद आचेवर ठेवलेल्या पायाचा किंवा निहारीचा वास जिन्यापर्यंत आलेला असतो. ऊन ओट्यावर उतरले की घरातली सर्वांत म्हातारी व्यक्ती उन्हाकडे पाठ करून बसते. रजया-गोधड्या गच्चीवर टाकल्या जातात. गाड्यावर लाल गाजरे, बोरे, हरभऱ्याचा टहाळ आलेला असतो. सोलापूर-मराठवाड्याकडे शेतात आगटी पेटते, तिच्यात ज्वारीची कोवळी कणसे भाजली जातात आणि तळहातावर चोळलेला गरम हुरडा चटणी-गुळाबरोबर पुढे येतो. रायगडकडे वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरतात, मडके उलटे ठेवून भोवती जाळ करतात आणि पाण्याच्या थेंबाशिवाय पोपटी तयार होते. यातल्या कशालाच फार पैसा लागत नाही. लागते ती थोडी सवड, थोडे ऊन आणि चार माणसांची सोबत.

आता या सुखावर तीन बाजूंनी आक्षेप येतात. पहिला धार्मिक मनाचा आहे: हे सारे गफलत आहे, वेळेची नासाडी आहे. दुसरा कार्यकर्त्याच्या मनाचा: समाज एवढ्या संकटात असताना हुरडा आणि निहारीच्या गप्पा कसल्या करता? तिसरा आक्षेप बाजाराचा आहे आणि तो शब्दांत कधी बोलला जात नाही. घरच्या ओट्यावरचे ऊन म्हणजे काही सुख नव्हे, खरे सुख तिकीट काढून मिळते, असे तो आपल्या मनावर ठसवत असतो. या तिन्हींचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पहिल्या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी लांब जायला नको. हजरत हन्जला यांची हदीस आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली आहे. पैगंबर साहेबांच्या सहवासात असताना जन्नत आणि जहन्नम डोळ्यांसमोर दिसावे अशी अवस्था होते, पण घरी बायकामुलांत आणि कामधंद्यात गेले की ती टिकत नाही, म्हणजे आपण मुनाफिक तर झालो नाही ना, अशी त्यांना भीती वाटली. पैगंबर साहेबांनी त्यांना दोष दिला नाही. माणसाच्या आयुष्यात एक घडी अशी असते आणि एक घडी तशी असते, असे त्यांना समजावले. घरच्यांबरोबर हसण्याची घडी दीनच्या बाहेर पडत नाही, ती दीनच्याच आतली आहे, असा आम्ही याचा अर्थ घेतो.

शिवाय हिवाळ्याला तर आपल्या परंपरेत मोमिनाचा वसंत ऋतू म्हटले गेले आहे. रात्र मोठी, म्हणून झोपही होते आणि उठून इबादतही करता येते. दिवस लहान, म्हणून रोजा जड जात नाही. आपल्या महाराष्ट्रात डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. रमजानमध्ये राहून गेलेले कजा रोजे आपल्या घरांतल्या अनेक स्त्रिया याच दिवसांत फेडतात. कोणी पाहत नाही, इफ्तारीची गजबज नसते, एक खजूर आणि चहा एवढ्यावर रोजा सुटतो. हिवाळ्याचे सुख आणि हिवाळ्याची इबादत एकाच घरात, कधीकधी एकाच दिवशी, अशी शेजारी शेजारी नांदत असते. त्यांत भांडण लावण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. त्याला उत्तर देताना आपण सावध राहिले पाहिजे. कारण हिवाळा सर्वांसाठी सारखा नसतो, आणि सर्व हिवाळेही सारखे नसतात. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या थंडीच्या रात्री ज्यांनी काढल्या, त्यांना शेकोटीच्या उजेडाची वेगळीच आठवण आहे. त्या दंगलींत ९०० माणसे मेली असे न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये दिलेल्या अहवालात नोंदलेले आहे. मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात, तोच तिथला सुटीचा दिवस. ८ सप्टेंबर २००६ रोजी, अशाच एका शुक्रवारी, शब-ए-बारातच्या दिवशी, बडा कब्रस्तानाजवळ स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे गेली. पुढे ज्या मुस्लिम युवकांना त्या प्रकरणात पकडले, त्यांना २०१६ मध्ये न्यायालयाने दोषमुक्त केले. पण तुरुंगात गेलेले त्यांचे शुक्रवार कोणी परत केले नाहीत. सुटीचा दिवस निर्धास्तपणे उजाडणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे अशा वेळी कळते.

कुरआनात हिवाळ्याचा उल्लेख येतो तो सूरह कुरैशमध्ये. चारच आयतींची ही सूरह आपण लहानपणी पाठ केली, रोजच्या नमाजेत म्हटली. कुरैशांच्या थंडीतल्या आणि उन्हाळ्यातल्या व्यापारी प्रवासांचा तीत उल्लेख आहे आणि काबाच्या मालकाची इबादत करण्यास सांगितले आहे. त्याचे कारण म्हणून दोन देणग्या सांगितल्या आहेत. एक, भुकेपासून सुटका. दुसरी, भयापासून सुटका. महाल, सोने, सत्ता यांपैकी कशाचेही नाव तिथे घेतलेले नाही. माणसाच्या साध्या दिवसाचे सुख या दोनच खांबांवर उभे असते हे चौदाशे वर्षांपूर्वी इतक्या थोड्या शब्दांत सांगितले गेले. आपण ते हिवाळ्याशी जोडून क्वचितच वाचतो.

या सूरहने दुसऱ्या आक्षेपाचे उत्तरही मिळते. रविवारचे लहानसे सुख आणि अन्यायाविरुद्धचा लढा या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. लढा तरी शेवटी कशासाठी असतो? कोणालाही उपाशी झोपावे लागू नये आणि कोणालाही दार वाजल्यावर दचकावे लागू नये, याचसाठी ना? म्हणजे प्रत्येक घराला असा एक साधा, उन्हाचा, निर्धास्त दिवस मिळावा यासाठीच. ज्याला त्या दिवसाची चवच ठाऊक नाही, तो दुसऱ्याच्या वाट्याला तो यावा म्हणून किती काळ झगडेल?

रविवारची सुटी हीच मुळात अशा झगड्यातून आलेली आहे. ती इंग्रजांनी दिली, चर्चमुळे मिळाली, असे आपण सरसकट मानतो. साहेबाच्या कचेरीला ती होती हे खरे. मुंबईच्या गिरणी कामगाराला मात्र ती आयती मिळाली नाही. महात्मा फुले यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी कामगारांना संघटित केले, सभा घेतल्या, अर्ज केले आणि १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. याच गिरण्यांच्या मागखात्यांत मदनपुऱ्यातले मोमीन विणकरही राबत होते. तेव्हा रविवार हा कोणा एका धर्माचा दिवस म्हणून नव्हे, तर कष्टकऱ्यांनी मिळवलेला दिवस म्हणून आपलाही आहे.

जुम्माविषयी तर कुरआनाची भूमिका स्पष्ट आहे. अजान झाली की खरेदी-विक्री सोडा, नमाज झाली की पुन्हा पृथ्वीवर पांगा आणि अल्लाहच्या कृपेचा शोध घ्या. शुक्रवार हा पूर्ण सुटीचा दिवस असलाच पाहिजे, असे त्यात नाही. आखातात नोकरीला गेलेले आपले कोकणी बांधव हे अनुभवाने जाणतात. सौदी अरेबियाने २०१३ मध्ये आठवड्याची सुटी गुरुवार-शुक्रवारवरून शुक्रवार-शनिवारवर आणली. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ पासून शनिवार-रविवार स्वीकारला आणि शुक्रवार अर्धा दिवस कामाचा केला. वार बदलला, तरी माणसाला विसावा हवा ही गरज बदलली नाही.

मग या विसाव्याकडे, या आनंदाकडे कसे पाहावे? येथे इमाम गझाली आपल्या मदतीला येतात. सगळी पोथी चाळायची गरज नाही, त्यांच्या ‘इह्या’मधला सब्र आणि शुक्र यांवरचा भाग पुरेसा आहे. ते म्हणतात की शुक्र तीन गोष्टींनी बनतो: इल्म, हाल आणि अमल. म्हणजे देणगी कोठून आली याचे ज्ञान, त्या ज्ञानाने मनात उमटणारी आनंदाची अवस्था आणि त्या आनंदातून घडणारी कृती. तोंडाने ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणणे हा शुक्राचा एक लहान भाग झाला. हे तीन टप्पे हिवाळ्यातल्या रविवारला लावून पाहू.

पहिला टप्पा इल्मचा. गझाली साध्या भाकरीचे उदाहरण घेतात आणि ती तोंडापर्यंत येण्यासाठी किती कारागीर आणि किती अवजारे लागतात याचा हिशेब मांडत जातात. आपण तसा हिशेब आपल्या रजईचा मांडू. अंगावरची रजई कोणी भरली? महाराष्ट्रभर हे काम पिढ्यान्‌पिढ्या पिंजारी, नदाफ, मन्सुरी या आपल्याच समाजातल्या जमातींनी केले. खांद्यावर पिंजण घेऊन ते थंडीच्या तोंडाला गावोगाव फिरत. तातीच्या आवाजावरून पोरांना कळे की हिवाळा आला. ‘नदाफ’ या अरबी शब्दाचा अर्थच कापूस पिंजणारा. बगदादमध्ये ९२२ साली ज्यांना देहदंड झाला, त्या सूफी मन्सूर अल-हल्लाज यांच्या नावातल्या ‘हल्लाज’चा अर्थही तोच, आणि मन्सुरी जमात आपले नाते परंपरेने त्यांच्याशी सांगते. आता पिंजण्याचे यंत्र आले, फोमच्या गाद्या आणि कारखान्यातली ब्लँकेटे आली, आणि पिंजण बहुतेक घरांत माळ्यावर गेले. ज्या जमातीने सगळ्या जातिधर्मांच्या लोकांना ऊब दिली, तिच्या पोरांच्या शिक्षणाचे आणि रोजगाराचे काय झाले, हा प्रश्न रजईच्या उबेतच विचारायला हवा.

तसाच हिशेब गुळाचा आणि साखरेचा. आपल्या गाजर हलव्याची गोडी ज्या उसातून येते, तो तोडण्याचा हंगाम नेमका हिवाळ्यातच असतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास घरे बंद करून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात आणि थंडीचे महिने फडावर, कोपीत काढतात. त्यांत मुस्लिम कुटुंबेही असतात. पहाटेच्या दवात ओला ऊस तोडणाऱ्या कोयत्याला रविवार नसतो. एक दिवस पडला तर खाडा धरून उचलीतून पैसे कापले जातात. या खाड्याच्या धाकाने आणि आजारपणाच्या खर्चाच्या भीतीने तरुण वयात गर्भाशय काढून टाकलेल्या बाईंची संख्या बीड जिल्ह्यात हजारोंनी आहे, हे २०१९ मध्ये उघड झाले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. हे ठाऊक असलेल्या माणसाने हलवा खाऊच नये असे आम्ही म्हणत नाही. गोडी कोठून आली हे जाणून खावा, एवढेच म्हणतो. न जाणता घेतलेले सुख ही खरी गफलत.

दुसरा टप्पा हालचा, म्हणजे प्रत्यक्ष आनंदाचा. गझालींनी आनंदाला शुक्राच्या मधोमध जागा दिली आहे, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे. ज्ञान झाले आणि माणूस खिन्न होऊन बसला, तर शुक्र अर्धवट राहिला. इतक्या हातांनी, इतक्या मेहनतीने हा घास आपल्यापर्यंत आणला, तेव्हा तो तोंड वाकडे करून खाणे ही त्या हातांची कदर नव्हे. हुरडा गरम असतानाच खावा लागतो, गार झाला की वातड होतो.

येथे कनाअत या शब्दाचा विचार केला पाहिजे, कारण त्याचा गैरवापर फार झाला आहे. जे मिळाले त्यात समाधान मानावे हे खरे. पण हे वाक्य कोण कोणाला सांगतो यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. मालकाने मजुराला, नवऱ्याने बायकोला, बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांना ‘समाधानी राहा’ असे सांगितले, तर ती कनाअत नाही, ते गप्प बसवणे आहे. कनाअत ही स्वतःच्या वाट्याबद्दल बाळगायची वृत्ती आहे. दुसऱ्याच्या भुकेबद्दल समाधान मानण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. स्वतःसाठी थोडक्यात समाधान आणि दुसऱ्यासाठी न्यायाचा हट्ट, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात राहू शकतात. नव्हे, थोडक्यात समाधान मानणाराच निर्भयपणे न्यायाची मागणी करू शकतो, कारण त्याला विकत घेणे अवघड असते.

बाजाराच्या आक्षेपाचे उत्तरही यातच आहे. अलीकडे शहराबाहेर माणशी दर लावून हुरडा पार्ट्या होतात. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळत असतील, तर त्याबद्दल तक्रार नाही. परंतु ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे नाहीत त्याला हिवाळा नाही, असे जेव्हा मुलांना वाटू लागते, तेव्हा काहीतरी बिघडलेले असते. लातूर-धाराशिवकडची वेळा अमावस्या, म्हणजे येळवस, याच्या नेमकी उलट आहे. त्या दिवशी शेतात भज्जी, आंबील, उंडे यांचे जेवण असते आणि बोलावण्यात जात-धर्म पाहिला जात नाही. आपल्यातले कित्येकजण हिंदू शेजाऱ्यांच्या शेतावर ते जेवण जेवून आलेले आहेत. तिकीट नसलेले सुख टिकवणे हे आजच्या काळात धर्मकार्यच म्हणावे लागेल.

तिसरा टप्पा अमलचा. आनंदातून कृती निघाली नाही, तर शुक्र पुरा होत नाही. हजरत अबू जर यांना पैगंबर साहेबांनी केलेली सूचना या दृष्टीने फार व्यवहारी आहे. रस्सा शिजवशील तेव्हा पाणी थोडे जास्त घाल आणि शेजाऱ्यांकडे लक्ष ठेव, असा तिचा आशय. वेगळी मेजवानी करा, कर्ज काढा, असे तीत नाही. तेच पातेले, त्यात वाढवलेले पाणी. निहारीच्या हंडीला हे तंतोतंत लागू पडते. एक गोष्ट खरी की २०१५ पासून गोवंश हत्याबंदीचा कडक कायदा लागू झाल्यावर अनेक ठिकाणी या हंडीभोवती संशयाचे वारे फिरू लागले आणि कुरेशी समाजाच्या धंद्याला मोठा फटका बसला. भयापासून सुटकेचा प्रश्न अशा रीतीने स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचला आहे. तरीही शेजाऱ्याच्या घरी जाणारी वाटी थांबू देऊ नये. शेजारी शाकाहारी असेल तर हलव्याची वाटी जावी. त्याच्याकडून तिळगूळ येतोच.

अमलची दुसरी जागा घरातच आहे. सगळ्या घराचा रविवार असतो तेव्हा घरातल्या बाईचा तो सर्वांत मोठा कामाचा दिवस असतो. पाया साफ करणे, रजया उन्हात टाकणे आणि उचलणे, पाहुण्यांसाठी चार वेळा चहा, मुलांच्या डोक्याला तेल आणि आंघोळी. इतरांच्या सवडीचे सगळे ओझे तिच्या अंगावर येते. पैगंबर साहेब घरी काय करत असत, या प्रश्नाला हजरत आयेशा यांनी दिलेले उत्तर बुखारीत नोंदलेले आहे. ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजेची वेळ झाली की उठत. सुन्नतीच्या इतक्या बारीकसारीक गोष्टी आपण जपतो, मग रविवारी सकाळी कांदा चिरण्याची ही सुन्नतही जपायला हरकत काय? लोखंड्यांनी गिरणीतल्या कामगाराला जो दिवस मिळवून दिला, तो घरातल्या कामगारापर्यंत अजून पोहोचायचा आहे.

आणि तिसरी जागा रस्त्यावर. आपल्या समाजातले कितीतरी लोक असे आहेत की रविवार हाच त्यांचा राबण्याचा दिवस. मटणाच्या दुकानातला मुलाणी, बेकरीत पहाटे तीनला भट्टी लावणारा पोरगा, फळांचा गाडीवाला, गॅरेजमधला मिस्त्री, मोटारसायकलवर जेवणाची पाकिटे पोहोचवणारा तरुण. आपला रविवार त्यांच्या श्रमावर उभा आहे. त्यांच्याशी घासाघीस न करणे, दारात आलेल्याला पाणी विचारणे, आपल्या दुकानात कोणी कामाला असेल तर त्याला आठवड्यातला कोणताही एक दिवस पगारी सुटी देणे, एवढे तर आपल्या हातात आहे. त्याचा वार सोमवार असो की शुक्रवार, त्याचेही एखादे ऊन, एखादी गरम भाकरी त्याची वाट पाहत असते.

हिवाळा दोन-तीन महिन्यांचा असतो आणि त्यात रविवार येतात दहा-बारा. मृग निघाल्यावर कोणाला हुरडा आठवत नाही आणि वैशाखात रजई नजरेसमोर नको होते. म्हणून हे थोडे दिवस डोळे उघडे ठेवून जगावेत. येत्या रविवारी ऊन ओट्यावर आले की म्हाताऱ्या माणसाशेजारी थोडा वेळ बसावे. रजई कोणी भरली हे पोरांना सांगावे. पातेल्यात एक पेला पाणी जास्त घालावे, आणि वाटी घेऊन स्वतः शेजारी जावे, पोराला पाठवू नये.